खिडकीतला डोंगर

गेल्या महिन्यात लॅपटॉपने जागा संपत आल्याची कुरकुर सुरू केली. मी आधी फोटोंवर संशय घेतला, मग वर्षानुवर्षं साचलेल्या डाउनलोडवर. दोघंही निर्दोष सुटले. जागा खात होता माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर गेमचा फोल्डर. त्यात माझी सतरा जगं होती. सोळा अर्धवट टाकून दिलेली, आणि सतरावं, 'नवीन जग (३)' या नावाचं, एकटंच साडेतीन जीबी अडवून ऐसपैस पसरलेलं. नऊ वर्षं झाली, त्याचं नाव बदलायचं राहूनच गेलंय.

माझं वय त्रेचाळीस. दिवसभर लोकांचे हिशेब तपासते आणि रात्री सगळं आवरलं की तासभर दगड फोडते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "मुलांचा गेम ना तो?" २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींवर प्रती खपल्या होत्या, एवढी मुलं कुठून आणायची, असं अगदी ओठांवर येतं. पण बोलत नाही. वाद घालायला लागतो तेवढ्या वेळात एक छप्पर होतं.

एका जगाला साडेतीन जीबी का लागावेत? तर या खेळातलं जग आधीपासून तयार नसतं. तुम्ही चालाल तसं ते पुढे घडत जातं. सोळा बाय सोळा ब्लॉकचा एक तुकडा, त्याला चंक म्हणतात. तुम्ही टप्प्यात आलात की संगणक तो चंक घडवतो, त्यात टेकडी, ओढा, गुहा, दोन-चार मेंढ्या टाकतो आणि फाइलीत नोंदवून ठेवतो. मध्यापासून प्रत्येक दिशेला ३ कोटी ब्लॉक जाता येतं, म्हणजे कोणाचंच जग कधी पुरं होत नाही. जिकडे तुम्ही गेलाच नाहीत तिकडे काहीच नाही. काळोखसुद्धा नाही. तेव्हा डिस्कवरचे साडेतीन जीबी म्हणजे माझी नऊ वर्षांची पायपीट होती, आणि आता ती पुसायची वेळ आली होती.

ते जग मला धाकट्या भावाने २०१६ मध्ये उघडून दिलं. शेजारी खुर्ची ओढून बसला आणि आपण काहीही सांगणार नाही असं आधीच जाहीर केलं. पडद्यावर एक गवताळ उतार, तीन मेंढ्या आणि खालच्या कोपऱ्यात माझा एक हात.

"आता काय करू?"

"झाड तोड."

"कशाने?"

"हाताने, ताई."

मी झाडाला बुक्क्या मारत सुटले. थोड्या वेळाने खोडाचा मधलाच एक ठोकळा निखळून हातात आला आणि वरचं झाड हवेत तसंच राहिलं. त्याला खाली पडायचं असतं हे कोणी त्याला सांगितलंच नव्हतं. मला ते फार आवडलं. एका ओंडक्याच्या चार फळ्या, दोन फळ्यांच्या चार काठ्या, चार फळ्यांचं क्राफ्टिंग टेबल, तीन फळ्या आणि दोन काठ्यांची लाकडी कुदळ. आज हे मी झोपेतही सांगेन. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं आणि खेळ स्वतःहून काही सांगतही नव्हता. काय जोडलं की काय होतं हे दाखवणारं रेसिपी बुक त्यात २०१७ मध्ये आलं. त्याआधी नऊ चौकोनांत वस्तू मांडून बघायच्या, नाहीतर जाणकाराला विचारायचं. माझा जाणकार शेजारी बसून नखं कुरतडत होता.

या खेळातला दिवस दहा मिनिटांचा. मी त्यातली सहा मेंढ्यांच्या मागे घालवली. सूर्य कलला तसा धाकटा अस्वस्थ झाला. "रात्री बाहेर नको थांबूस." का, म्हटलं, तर "कळेल". मग उतारात एक भोक पाडून मी आत शिरले आणि मागे मातीने तोंड बुजवून टाकलं. पडदा काळा. रात्र सात मिनिटांची असते असं तो म्हणाला. सात मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर एकदा अंधारात भिंतीकडे तोंड करून उभं राहून बघा. बाहेर गवतावर पावलं वाजत होती. कोणीतरी कण्हत होतं. मध्येच हाडं खुळखुळल्यासारखा आवाज यायचा.

करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी चाचपडत आतल्या आत दगड फोडत गेले. आठ दगड जमले की भट्टी होते, हे मात्र धाकट्याला राहवलं नाही, त्याने सांगितलं. पण भट्टीत घालणार काय? माझ्याकडे लाकडाशिवाय काही नव्हतं. तेव्हा खाली जळणाच्या जागी फळ्या घातल्या आणि वर भाजायला ओंडकाच ठेवला. भट्टी पेटली. गुहेच्या भिंतीवर पहिल्यांदा नारिंगी उजेड पडला आणि कळलं की मी एवढा वेळ जेमतेम चार पावलांच्या बिळात उभी होते. दहा सेकंदांनी ओंडक्याचा लोणारी कोळसा झाला. एक कोळसा, खाली एक काठी, झाल्या चार टॉर्च.

धाकटा खुर्चीत सरळ झाला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? लाकूड नीट जळलं की कोळसाच होणार ना."

त्याला तेव्हा झालेला आनंद आणि मला वाटलेली ऐट, दोन्ही अजून लख्ख आठवतात. हिशेबातली चूक सापडते तेव्हा ती चूक दुसऱ्याची असते. हा उजेड माझा होता.

या खेळांचं कौतुक करताना लोक पहिला शब्द वापरतात तो 'स्वातंत्र्य'. काहीही करा, कुठेही जा, कसंही बांधा. मला हे कधीच पटलेलं नाही. याच खेळात क्रिएटिव्ह नावाचा मोड आहे. त्यात सगळ्या वस्तू अमर्याद मिळतात, उडता येतं, मरण नाही. मी तिथे वीस मिनिटं टिकले. 'काहीही करता येतं' म्हटलं की माझे हातपाय गळतात. मला 'अंधार पडतोय' हवं असतं. अंधार पडतोय म्हणून टॉर्च, टॉर्चसाठी कोळसा, कोळशासाठी कुदळ. खाली उतरल्यावर लोखंड दिसतं, पण ते लाकडी कुदळीने निघत नाही, दगडी लागते. लोखंडाची बादली झाली की पाणी आणता येतं, पाणी आणलं की गहू लावता येतो, गहू झाला की पाव, आणि पाव पिशवीत असला की घरापासून दोन दिवस लांब जाता येतं. ही यादी मला कोणी लिहून दिलेली नसते. एक नड भागली की ती पुढच्या नडीच्या दारात आणून सोडते. स्वातंत्र्य आहे, पण ते नडीच्या पोटातून येतं, आणि म्हणूनच ते अंगावर येत नाही.

याचा पुरावा त्या सोळा जगांत पडलेला होता. पुसण्याआधी मी एकेक उघडून बघितलं. सोळापैकी पंधरा एकाच जागी मेलेली. शेत पिकलेलं, पलंग मांडलेला, कुंपणात कोंबड्या, भिंतीला ओळीने चेस्ट, म्हणजे पेट्या, आणि प्रत्येकीवर पाटी: दगड, लाकूड, धातू, बी-बियाणं, किरकोळ. (सर्वांत भरलेली कायम 'किरकोळ'. हिशेबातही असंच असतं.) काही कमी नव्हतं, म्हणून मी निघून गेले होते. अपवाद फक्त एक. तिथे सात हिरे घेऊन परतताना पायाखालची खडी ढासळली आणि मी लाव्हात पडले. इतर कुठे मेलं तर सांडलेलं सामान पाच मिनिटं तरी जमिनीवर राहतं, धावत जाऊन गोळा करता येतं. लाव्हा तेवढीही उसंत देत नाही. त्या रात्री मी लॅपटॉप जरा जोरातच मिटला होता. ते जग पुसताना काडीचं वाईट वाटलं नाही.

खेळणाऱ्यांचे प्रकार पाडण्याचा एक जुना उद्योग आहे. गेमचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये पत्त्यांचे चार रंग वापरून तो केला. कमावणारे ते चौकट, माणसं जोडणारे बदाम, दुसऱ्याला झोडपण्यात सुख मानणारे किलवर, आणि शोध घेत फिरणारे इस्पिक. इंग्रजीत इस्पिकाला जो शब्द आहे त्याचाच अर्थ फावडं होतो आणि हे लोक माहिती खणून काढतात, असा तो श्लेष. माझा भाऊ पक्का चौकट. त्याला हिरा हवा, हिऱ्याची तलवार हवी, तलवारीला जादू हवी. मी इस्पिक. मला डोंगरापलीकडे काय आहे तेवढं कळलं की पुरतं, आणि खरं सांगायचं तर कळलं नाही तरी चालतं. हे दुसरं वाक्य मला महिन्यापूर्वी लिहिता आलं नसतं.

हाच चस्का मी दुसरीकडेही लावून बघितलाय. २०२१ च्या फेब्रुवारीत वॅल्हाइम नावाचा गेम आला, स्वीडनमधल्या पाच जणांनी बनवलेला. त्यात घरात चूल पेटवली तर धूर खरोखर साचतो आणि छपराला वाट ठेवली नाही तर तुम्ही गुदमरता. पहिलं घर बांधून मी आत ऐटीत चूल पेटवली आणि स्वतःलाच धुरी दिली. शिवाय त्यात पोर्टल आहेत, क्षणात इकडून तिकडे, पण कच्चा धातू त्यातून नेता येत नाही. तो होडीत भरायचा आणि वादळातून वल्हवत घरी आणायचा. लोकांनी यावर बोंब मारली, पुढे ते बंधन काढायची सोयही आली. मी ती वापरली नाही. ती होडी नसती तर तो समुद्र मी कशाला बघितला असता?

द लाँग डार्क मात्र मला झेपला नाही. कॅनडातल्या बर्फात एकटं माणूस, भूत नाही, झाँबी नाही, फक्त थंडी, लांडगे आणि संपत चाललेल्या काड्यापेटीतल्या काड्या. मी खेळले तेव्हा सर्व्हायव्हल मोडमध्ये मेलात की तो ती सेव्ह फाइल पुसूनच टाकायचा. डिस्क भरायची काळजी नाही, एवढं त्याचं मला आज कौतुक वाटतं.

सबनॉटिकाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. २०१८ चा खेळ. परग्रहावरच्या समुद्रात तुम्ही एका छोट्या यानात तरंगताय. पहिल्यांदा बुडी मारता तेव्हा श्वास पंचेचाळीस सेकंद पुरतो. खाली प्रवाळ, मासे, तांबं, टायटॅनियम, आणि श्वास संपत आला की सूचना मिळते, मग वर. हवेची टाकी बनवली की आणखी खोल, की पुन्हा तीच घालमेल. या खेळात नकाशा नाही. मुद्दामच दिलेला नाही. कुठे काय आहे हे तुमच्या डोक्यात राहील तेवढंच. पण त्यातली माझ्या मनात बसलेली गोष्ट पाण्याखालची नाही. सुरुवातीला यानाच्या टपावर चढलं की क्षितिजावर तुमचंच मोडकं, जळतं, अवाढव्य जहाज दिसतं. तिकडे कधीतरी जायचंय हे त्या क्षणीच ठरतं, आणि मग कित्येक तास तुम्ही त्याच्याकडे बघत बघत भलतीच कामं करत राहता.

उलट नो मॅन्स स्काय. २०१६ मध्ये आला तेव्हा त्यातल्या ग्रहांचा आकडा गाजला होता, १८ वर अठरा शून्यं आणि वर काही. आता तो खेळ खूप सुधारलाय म्हणतात, सुधारलाही असेल. मी बावीस ग्रहांवर उतरले आणि मला एकाही ग्रहाबद्दल 'तो' असं म्हणता येईना. प्रत्येक वेळी 'एक'. एक जांभळा, एक वादळी, एक असाच. जाण्यासारखं इतकं होतं की कुठे जायचं राहिलंय असं वाटेचना.

माझ्या सतराव्या जगात जायचं राहिलेलं होतं.

पहिल्या रात्रीचं ते बीळ मी सोडलं नव्हतं. त्यालाच आतून वाढवत गेले. एक खोली, मग भट्ट्यांची खोली, मग खाली खाणीत उतरणारा जिना. जिन्यात टॉर्च कायम डाव्या हाताला, म्हणजे परत येताना त्या उजवीकडे असल्या की वाट बरोबर. पश्चिमेकडची भिंत फोडून मी खिडकी केली. सहा वाळूचे ब्लॉक भाजून सहा काचा झाल्या, सहा काचांची सोळा तावदानं. तीन रुंद, दोन उंच खिडकीला सहा तावदानं लागली. उरलेली दहा 'किरकोळ'मध्ये गेली.

त्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा. जोड शिखरांचा. डावं शिखर उंच, उजवं जरासं ठेंगणं आणि त्याच्या खांद्याला एक भोक, आरपार, त्यातून आकाश दिसे. संगणकाने डोंगर करताना मध्येच काहीतरी विसरल्यासारखं. सूर्य रोज त्या दोन शिखरांच्या मागे मावळायचा आणि मी दार लावायला धावायचे. पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं, एकदा तिकडे जायचं. मग लोखंड शोधायला पूर्वेला गेले. मग वाळवंट हवं होतं, ते दक्षिणेला निघालं. मग उत्तरेकडे समुद्र लागला आणि होडीने वर्षभर कुठे कुठे भटकले. डोंगर घरापासून दोनशे ब्लॉकवर होता. या खेळात माणूस सेकंदाला चार ब्लॉकपेक्षा थोडं जास्त चालतो. म्हणजे मला तिथे जायला पाऊण मिनिट लागलं असतं. नऊ वर्षांत ते निघालं नाही.

तर जागा कमी करायची होती. सोळा जगं गेली तरी भागेना. धाकट्याला फोन केला. त्याने एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम सांगितला, जो जगाचा वरून नकाशा दाखवतो आणि नको ते चंक कापून टाकतो. नको ते कोणते हे कसं ठरवायचं? तर प्रत्येक चंकच्या नोंदीत एक आकडा असतो, खेळाडू त्याच्या आसपास किती वेळ होता त्याचा. सेकंदाला वीस या दराने तो वाढतो. खेळ त्याचा उपयोग शत्रूंचा जोर ठरवायला करतो. एका ठिकाणी जितकं राहाल तितकं ते ठिकाण अवघड होत जातं, पन्नास तास भरेपर्यंत. माझ्या नकळत कोणीतरी नऊ वर्षं माझी हजेरी मांडत होतं! मी ज्या पेशात आहे तिथे अशी खातेवही हाती लागणं म्हणजे काय ते सांगता येणार नाही. तो सगळा रविवार मी आकडेच वाचत बसले.

घराच्या चंकवर दोनशे बारा तास. खाणीवर एकशे चाळीस. होडीच्या वाटांवर सेकंदांत मोजण्याइतके. आणि दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला, कुठल्याही वाटेवर नसलेल्या एका जागी सहा तास चाळीस मिनिटं. मला ती जागा आठवेना. तिथे मी काय बांधलं होतं? गेले बघायला. सपाट वाळू, आणि त्यात मातीच्या एकाच ब्लॉकने झाकलेला एक खड्डा. झाकण काढलं तर आत तीन ब्लॉक खोल भोक आणि भिंतीला एक टॉर्च. मग आठवलं. घर गाठता येईना म्हणून रात्रीपुरती पुरून घेतलं होतं आणि उजाडायची वाट बघता बघता मलाच डुलकी लागली, ती खरी सकाळ होईपर्यंत. नुसतं उभं राहिलं तर या खेळात भूक लागत नाही. त्यामुळे पडद्यावरची मी रात्रभर खड्ड्यात ठणठणीत उभी होते. खातेवहीत ते 'वास्तव्य' म्हणून लागलं.

दहा मिनिटांपेक्षा कमी आकडा असलेले सगळे चंक निवडले आणि पुसा म्हटलं. आधी प्रत काढून ठेवली का? नाही. दुसऱ्यांना रोज सांगते, स्वतः नाही. पण माझ्याकडे कारण होतं. प्रत्येक जगाचा एक सीड नंबर असतो आणि माझा मी वहीत उतरवून ठेवला होता. जमिनीचे चढउतार त्या एका आकड्यातून गणिताने निघतात. मुळात संगणकतज्ज्ञ केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये मांडलेली नॉइजची, म्हणजे गणितातून नैसर्गिक वाटणारे ओबडधोबड आकार काढायची पद्धत, जिच्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला, त्याच घराण्यातलं हे गणित. आकडा तोच असेल तर जमीन तीच. म्हणजे मी जे कापतेय ते पुन्हा चालत गेलं की जसंच्या तसं उगवेल, हरवणार काहीच नाही. माझ्या हाताने केलेलं तेवढं राहील, बाकीचं संगणकाकडे तोंडपाठ आहेच. युक्तिवाद इतका चोख होता की तपासावासाच वाटला नाही.

साडेतीन जीबीचे सहाशे एमबी झाले. नकाशावर माझं आयुष्य आता झालरीसारखं दिसत होतं. एक मोठा ठिपका, चार-पाच लहान, बाकी कोरं. जग उघडलं. पलंगावरून उठले, खिडकीपाशी गेले.

बर्च.

सपाट जमिनीवर बर्चचं जंगल, पांढऱ्या खोडांची रांगच्या रांग, नजर जाईल तिथवर. डोंगर नव्हता. मी रेंडर डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसावं ती मर्यादा, वाढवली, मूर्खासारखी काच फोडून बाहेर डोकावले. सूर्य बर्चच्या मागे मावळला. त्याला काहीच फरक पडला नव्हता.

"सीड तोच आहे," मी फोनवर धाकट्याला म्हणाले. आवाज चढला असावा.

"सीड तोच गं, पण जमीन करायची पद्धत बदलली ना. २०२१ च्या शेवटी, १.१८ या आवृत्तीत. जगाची उंची २५६ ची ३८४ केली, डोंगर, गुहा सगळं नव्याने लिहिलं. जुने चंक फाइलीत होते म्हणून तुला जुने दिसत होते."

"पण डोंगर दहा मिनिटांत कसा बसला? मी तर रोज..."

"तू रोज बघत होतीस. तो आकडा साधारण १२८ ब्लॉकच्या आतल्या चंकांचाच वाढतो. बघितल्याचा नाही वाढत."

त्यावर मी काही बोलले नाही. रात्री कागद घेऊन बसले. डोंगर हाताने उभा करायचा म्हटलं तर? चाळीस ब्लॉक त्रिज्या, साठ उंची, शंकू धरला तर लाखावर ब्लॉक. चौसष्टच्या थप्प्या दीड हजारांवर, म्हणजे साठेक चेस्ट भरून दगड. धाकट्याचं मत, फक्त पुढची बाजू उभारायची, नाटकाच्या पडद्यासारखी, पोकळ. "मागून कोण बघायला जाणार आहे?" मी म्हटलं, "मी." तो हसला. "नऊ वर्षं गेली नाहीस आणि आता जाणारेस?"

दोन दिवसांनी त्याचाच मेसेज आला. जुनी आवृत्ती अजूनही उतरवता येते. १.१० घे, सीड टाक, डोंगराजवळ जाऊन ये म्हणजे चंक तयार होतील, मग त्याच प्रोग्रॅमने ते कापून आपल्या जगात चिकटव. अर्ध्या तासाचं काम.

तसं केलं. १.१० सुरू केली, वहीतला आकडा टाकला. गवताळ उतार. मेंढ्या, या वेळी दोनच. पश्चिमेला वळले आणि तो होता. डावं शिखर उंच, उजवं ठेंगणं, खांद्याला भोक, भोकात आकाश.

मग मी मागे वळून घराकडे बघितलं. नुसता उतार. दार नाही, खिडकी नाही, गव्हाचं शेत नाही. २०१६ मध्ये मी पहिलं भोक पाडलं ती जागा गवताने अशी मिटलेली, जशी कोणी कधी उघडलीच नव्हती. हातात काही नव्हतं. सूर्य डोक्यावर आला होता.

काम खरं तर सोपं होतं, पाऊण मिनिट चालायचं आणि परत फिरायचं. मी वाटेत एक झाड तोडलं. सवयीने. फळ्या, काठ्या, टेबल, कुदळ. या आवृत्तीत रेसिपी बुक नाही, पण लागलंही नाही. पायथ्याशी पोचले तेव्हा कळलं की खिडकीतून गुळगुळीत दिसणारा हा डोंगर जवळून नुसता कडा आहे. पायऱ्या खोदत वर जावं लागलं. उजव्या शिखराच्या खांद्यापर्यंत पोचायला अख्खी दुपार गेली. ते भोक चार ब्लॉक रुंद निघालं. आतून एक झरा पलीकडच्या बाजूला पडत होता. तो घराकडून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पलीकडे दरी होती, आणि दरीपलीकडे आणखी एक डोंगर, याच्याहून उंच, माथ्यावर बर्फ असलेला.

तेवढ्यात उजेड पिवळा पडला. दिवस दहाच मिनिटांचा असतो हे मी नऊ वर्षांनी पुन्हा विसरले होते. परत उतरायला वेळ नव्हता. भोकाच्या भिंतीत आत शिरले, दगड फोडत चार पावलांची जागा केली, आठ दगडांची भट्टी मांडली, खाली फळ्या, वर ओंडका. तोंड बुजवताना एक ब्लॉक उघडा ठेवला, पूर्वेच्या बाजूचा. त्यातून समोरचा उतार दिसत होता, माझ्या घराचा. अंधारात तिथे काहीच नव्हतं. एक मेंढी होती बहुतेक.

फोन वाजला. धाकट्याचा मेसेज. "झालं का डोंगर कापून?"

"थांब," मी लिहिलं, "इथे रात्र झालीय."